भिवापूर रस्त्यावरची नीलगाय

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण नागपुरात लोहापुलाच्या मागच्या गल्लीत मनोहरराव भोयर नावाचा एक माणूस आहे, तो गाडीचा कुठलाही सुटा भाग जिभेवर टेकवून ओळखतो. डोळ्यांवर फडकं बांधा, हातात नुसता एक बोल्ट द्या. मनोहरराव तो दातांवर वाजवतील, टोकाला जीभ लावतील आणि सांगतील, हेराल्डचा आहे, मद्रासचा, अडुसष्टच्या आधीचा, आणि शेवटचा ज्यानं काढला तो मिस्त्री डावखुरा होता. एकदा म्हणे पुण्याच्या एका हौशी माणसानं फोनवर नुसता नट टेबलावर आपटून ऐकवला, तर यांनी इकडून विचारलं, "याचं वायसर कुठं हरवलं गा?" मद्रासला बनणाऱ्या त्या हेराल्ड गाड्या बंद पडून पन्नास वर्षं होऊन गेली. गाडी मेली, पण हाडं कामाची निघाली, कारण तिचा पुढचा सांगाडा आणि स्पिटफायर नावाच्या दोन माणसांच्या विलायती स्पोर्ट्‌स गाडीचा सांगाडा जवळजवळ एकाच कुळीचा. म्हणून पुण्याहून, कोइमतूरहून, क्वचित थेट इंग्लंडहूनसुद्धा मनोहररावांच्या फोनवर गंजक्या तुकड्यांचे फोटो येतात, आणि हा सासष्ट वर्षांचा माणूस चष्मा कपाळावर चढवून एका बोटानं उत्तर टाइप करतो: मागचा आहे, पुढचा नाही. पाना उलटा धरला तुम्ही. चूक नाही. चाळीस वर्षांत एकदाही चूक नाही, असं गल्ली म्हणते. गल्लीला हे कोणी सांगितलं, ते गल्ली विसरली आहे.

एप्रिलातल्या त्या दुपारी वैदेही आली तेव्हा कूलरचं पाणी संपलेलं होतं आणि पंखा नुसती गरम हवा इकडची तिकडं करत होता. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, पायात बूट, मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीत इंजिनियर असलेली, सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी. महिनाभर तिचे फोन चालले होते. जुनी स्पिटफायर घेतली आहे, हळूहळू उभी करते आहे, वगैरे. तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेली एक वस्तू काढून काउंटरवर ठेवली, पुडा सोडला, आणि आधी शेजारच्या खरादीवरून, म्हणजे लेथच्या दुकानातून, गप्पा हाणायला आलेला रोशन शिंकला, मग ती स्वतः, मग मनोहरराव. कागदात मिरचीची पूड होती. भिवापुरी मिरचीचा तो वास, जो आधी गोड वाटतो आणि मग नाकाच्या मुळाशी खिळ्यासारखा ठोकला जातो. दुकानाच्या कोपऱ्यात घासलेटच्या ट्रेसमोर बसलेला अनंता तेवढा शिंकला नाही. तो मनोहररावांचा धाकटा भाऊ. डावा पाय काठीसारखा सरळ समोर पसरून बसायचा, कारण तो पाय गुडघ्यात वाकत नाही, आणि दिवसभर जुने भाग ब्रशनं घासून उजळ करायचा.

"काकाजी, हे कशाचं आहे सांगता? तुमी म्हणे चाखून सांगता."

"चाखाले उसाची गंडेरी आहे काय ते?"

रोशन हसला. "आज जीभ काहून आत गेली, काकाजी? परवा तर दुसऱ्याच्या सायलेन्सरले लावून राहिले होते!"

मनोहररावांनी वस्तूला हात लावला नाही. लावायची गरजही नव्हती. वीतभर लांबीचा लोखंडी दांडा, वरचं टोक धड, खालचं टोक आटे पाडलेलं आणि तिथंच, आट्यांच्या मुळाशी तुटलेलं. सोबत सुटा पडलेला काशाचा मुठीएवढा तुकडा, ज्याला ट्रनियन म्हणतात, आणि त्याच्या पोटात अडकून राहिलेला दांड्याचा उरलेला शेंडा. गाडीचं पुढचं चाक या दोघांवर उभं राहतं. स्टिअरिंग फिरवलं की दांडा काशाच्या त्या आट्यांत पाव वेढा फिरतो, जन्मभर फिरत राहतो. डाव्या चाकाचे आटे उलटे, उजव्याचे सुलटे. हा डावा होता. मनोहररावांना हे कळायला अर्धा क्षणसुद्धा लागला नाही, आणि त्या अर्ध्या क्षणाच्या आत त्यांच्या पोटात राग असा उठला की काउंटरची काच फुटते की काय असं त्यांना वाटलं. राग कोणाचा, ते कळेना. पोरीचा आला. तिच्या स्कार्फचा, 'काकाजी'चा, मेल्या वस्तू उकरत फिरणाऱ्या तिच्या हौसेचा आला. रोशनच्या दातांचा आला. समोरच्या सिमेंट रस्त्याचा आला, जो तीनदा खोदला आणि तीनदा ओतला. एक्केचाळीस वर्षं ही गोष्ट कुठं तरी भंगारात वितळून तिची कढई झाली असेल, कोणाच्या घरी तिच्यात भजी तळली जात असतील, असं धरून हा माणूस जेवला, झोपला, म्हातारा झाला. आणि ती बसली होती मिरचीच्या पोत्यांखाली, शहाण्यासारखी, वाट पाहत.

ती स्पिटफायर लाल होती. उमरेडकडच्या खाणीवर एक साहेब होता, त्याची. साहेबाची बदली कुठं कुठं होत राहायची, आणि गाडी सांभाळायला मनोहर, पंचवीस वर्षांचा, नागपुरात हेराल्डचा पहिल्या नंबरचा मिस्त्री, निदान स्वतःच्या हिशेबी. साहेब म्हणायचा, पुस्तक बघ, गाडीच्या कप्प्यात पुस्तक आहे. पुस्तकं वाचून गाड्या चालल्या असत्या तर मास्तर लोकांनी गॅरेजं काढली असती, असं मनोहर गॅरेजभर सांगायचा, आणि गॅरेज हसायचं. त्यानं त्या गाडीला जीव लावला. बायकोला नाही लावला इतका, असं नंतर बायको म्हणायची, आणि तेव्हा तर लग्नही झालेलं नव्हतं. दसऱ्याला सगळं गॅरेज धुऊन, पाने-पक्कड मांडून, गाड्यांना झेंडूच्या माळा घालायची चाल. त्या वर्षी मनोहरनं पूजेसाठी नवी कोरी ग्रीसगन आणली, हळद-कुंकू लावलं तिला, आणि पहिला मान लाल गाडीचा. जिथं जिथं निप्पल, म्हणजे ग्रीस आत दाबायचं बारीक तोंड, दिसलं तिथं तिथं ग्रीस. खाली वाकून, पाठीवर झोपून, ट्रनियनच्या निप्पलमध्ये तर असं दाबलं की दोन्ही बाजूंनी ग्रीस फुलून आलं, पिवळंधमक, झेंडूसारखं. दर महिन्याला दाबत होताच, त्या दिवशी भक्तीनं दाबलं. निप्पल दिलं आहे म्हणजे ग्रीसच, दुसरं काय? पण तिथं ग्रीस नाही चालत. तिथं तेल लागतं, नव्वद नंबरचं, गिअरचं जाडं तेल, जे आट्यांच्या तळापर्यंत उतरतं. ग्रीस वरच बसतं, सुकतं, बूच होतं, आणि बुचाखाली पाणी शिरून लोखंडाला खात राहतं. बाहेरून सगळं चकाचक. पुस्तकात ती एकच ओळ होती. चार शब्दांची. ती त्यानं वाचली, पण नंतर, इस्पितळाच्या पायरीवर बसून, आणि ते पान फाडून चावून चावून गिळलं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. खरी गोष्ट सांगायची त्याला सवयच नव्हती, आणि ही तर खोटी वाटली असती.

"हे भिवापूरले सापडलं," वैदेही सांगत होती, स्कार्फनं नाक पुसत. "मिरचीवाल्यांचं जुनं गोदाम आहे, तिथं पडून होती गाडी. समोरून डाव्या अंगानं चेपलेली. हे डिकीत फडक्यात बांधून ठेवलं होतं कोणीतरी. उजव्या बाजूचं पण साबूत आहे, गाडीवरच आहे, एकदम ओरिजिनल."

साबूत. हा शब्द मनोहररावांच्या कानात अडकून बसला. अनंताला त्या वर्षी रेल्वेच्या फुटबॉल टीमकडून कागद आला होता. एकोणीस वर्षांचं पोरगं, डाव्या पायानं असा फटका मारायचं की गोलकीपर आधी बाजूला व्हायचा आणि मग उडी मारायचा. हीही मनोहररावांनीच घातलेली भर, पण फार नाही. कागद आला म्हणून भिवापूरला मामाकडं पेढे द्यायला जायचं, तर एसटीनं काहून? साहेबाच्या गाडीत जाऊ. दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. टप उघडा, बोनेटवर अजून सुकलेली माळ, पेढ्यांचा पुडा अनंताच्या मांडीवर, तो समोर पाहत गाणं म्हणत होता, मोठ्यानं, बेसूर. उमरेडच्या पुढं रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना मिरचीची रोपं, हिरवी. एक साधा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. कट्. गाडीचा डावा कोपरा खाली बसला, जसा म्हातारा माणूस बसतो, हळूच, आणि मग समोर पुलाचा कठडा आला, आणि कठडा अनंताच्या बाजूनं आला. पेढे रस्त्यावर उडाले. मुंग्या कुठून आल्या इतक्या लवकर? मनोहरला काही झालं नाही. खरचटलंसुद्धा नाही. या गोष्टीचा राग त्याला अजून येत होता, स्वतःच्या धड हातापायांचा. आंघोळ करताना स्वतःचे गुडघे चोळताना येत होता.

अनंता तीन दिवस शुद्धीवर नव्हता. वडील इस्पितळात आले, त्यांनी मनोहरच्या खांद्याला धरलं आणि फक्त विचारलं, कसं झालं? आणि मनोहरच्या तोंडातून ती बाहेर आली. त्यानं तिला बोलावलं नव्हतं. नीलगाय आडवी आली, तो म्हणाला. तेव्हा ती एवढीशी होती, मरतुकडी, रंगसुद्धा धड नव्हता तिला. वडील म्हणाले, जनावराले काय दोष द्याचा? संपलं. पण ती मेली नाही. अनंता शुद्धीवर आला तेव्हा ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, आणि सगळ्यांनी मिळून त्याची तिच्याशी ओळख करून दिली. तो छताकडं पाहत राहिला. मग पाहुणे आले, गॅरेजवाले आले, साहेबाचा निरोप आला की गाडी गेली तर जाऊ दे. प्रत्येकाला सांगताना तिला थोडा चारा घालावा लागला. वर्षभरात ती धष्टपुष्ट नर झाली. मनोहरचं लग्न झालं तेव्हा तिचं एक शिंग मोडकं होतं. दुकान टाकलं तेव्हा ती बोनेटवरून उडी मारून गेली आणि काचेवर तिच्या खुराचा ठसा उमटला. गेल्या दिवाळीत तर तिनं उडी मारताना मनोहररावांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं होतं. आणि एवढ्या वर्षांत प्रत्येक वेळी, प्रत्येक वेळी, अनंता त्याच कोपऱ्यात पाय पसरून बसलेला, ब्रश चालू, खर्र खर्र, मान खाली. एकदा तरी म्हणायचं होतं, दादा, पुरे. एकदा तरी विचारायचं होतं. न विचारणाऱ्या माणसासमोर रोज सकाळी कुलूप उघडायचं, त्याचा चहा ओतायचा, त्याला रिक्षात बसवायचं, ही काय शिक्षा झाली? याच्यापेक्षा त्यानं पान्यानं डोकं फोडलं असतं!

आणि ती जोडी. वरच्या फळीवर बिस्किटाचा एक डबा आहे, त्यात डावा-उजवा दांडा ट्रनियनसकट, मद्रासचा कोरा माल, कधी गाडीला न लागलेला. अपघातानंतर दोन महिन्यांनी मनोहरनं तो शोधून आणला होता. का, ते त्यालाही माहीत नाही. मेलेल्याच्या नावानं छत्री दान करतात, तसं काहीतरी. इंग्लंडच्या माणसानं त्यासाठी तीनदा विनवणी केली. विकायची नाही, एवढंच मनोहररावांनी लिहिलं. दर दसऱ्याला अनंता तो डबा खाली काढतो. बाकी सगळ्या अवजारांना हळद-कुंकू लागतं, आणि ही जोडी अनंता एका ताटलीत ठेवून तिच्यावर गिअरचं तेल सोडतो, नव्वद नंबरचं, धार धरून, आटा न् आटा भिजेस्तोवर. ग्रीसचा डबा बाजूलाच उघडा असतो. त्याला हे कोणी शिकवलं? मनोहररावांनी नव्हतं शिकवलं.  हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून दर दसऱ्याला ते आरती फार मोठ्या आवाजात म्हणतात.

"काकाजी? मी काय विचारून राहिली?"

"काय?"

"नेटवर लिहून आहे का याच्यात ग्रीस भरलं तर आतून सडते. मले एवढंच सांगा, हे सडून तुटलं का ठोकर लागून? ठोकरीनं तुटलं असन तर उजवं चांगलंच असन. मग तेच ठेवते मी, एकच डावं तुमच्याकडून घेते. नव्या नकला भलत्याच येऊन राहिल्या, ओरिजिनल कोण फेकते? पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन पचमढीले जायचं आहे. त्यांनी जन्मभर स्कूटरच चालवली."

नेटवर. चार शब्दांची ती ओळ जी एका माणसानं चावून गिळली, ती आता सगळ्या जगाच्या खिशात होती. उद्या रस्त्यावरचा कोणीही शेंबडा येऊन सांगणार, काकाजी, तेल टाकतात. मनोहररावांनी शेवटी तो दांडा उचलला. तुटकं तोंड उजेडाकडं केलं. ग्रीसच्या फडक्यात राहिल्यानं तो अजून वाचता येत होता: एका कडेला गंजाचा काळा डाग, चंद्रकोरीसारखा, जुना, महिनोन् महिने आत आत गेलेला, आणि उरलेला भाग राखाडी, दाणेदार, एका क्षणात फाटलेला. कोणीही शिकाऊ वाचेल. मागं रोशन मान लांब करत होता. उजव्या बाजूलाही तोच हात, तीच ग्रीसगन, तोच दसरा. उजव्या बाजूला आत आणखी एक चंद्रकोर होती आणि ती एक्केचाळीस वर्षं वाढत होती. एवढंच म्हणायचं होतं, की पोरी, दोन्ही बदल. एवढंच. पण दोन्ही म्हटलं की काहून आलं, काहून म्हटलं की ग्रीस आलं, ग्रीस म्हटलं की रस्ता रिकामा होत होता, उमरेडपासून भिवापूरपर्यंत, लांबच लांब रिकामा, आणि त्या रिकाम्या रस्त्यावर तो एकटा उभा, हातात हळद-कुंकू लावलेली ग्रीसगन. कोपऱ्यात ब्रश चालू होता. खर्र, खर्र. त्या आवाजानंच डोकं फिरलं. कर ना एकदा बंद!

"सडून?" ते इतक्या जोरात ओरडले की वैदेही मागं सरकली. "माह्या हातची गाडी सडते काय? मी सांगतो कसं तुटलं. तुहा विश्वास नाही बसणार. ही गाडी मी चालवत होतो!"

"काय म्हणता!"

"मी! उमरेडच्या पुढं. अशी सरळ सडक. आन् मिरचीतून निघाली एक नीलगाय. घोड्याएवढी."

"मागच्या टाइमाले म्हशीएवढी होती," रोशन म्हणाला.

"तू चूप बस बे! घोड्याएवढी. एक शिंग मोडकं. मी ब्रेक मारला. तिनं पाहिलं माह्याकडं. आन् एकटी नव्हती, मांगून दुसरी आली."

"आता जोडी झाली काय? लगन कधी लावलं तिचं, काकाजी? आमाले पत्रिका नाही देल्ली!"

वैदेही हसली नाही. ती दांड्याकडं पाहत होती. मनोहरराव बोलत सुटले. दुसरी नीलगाय बोनेटवर आली, तिसऱ्या क्षणाला काच, मग आभाळ, मग खूर. डाव्या चाकावर अख्खं जनावर आदळलं, आठ मणाचं, हत्ती असता तरी तुटला असता. बोलता बोलता त्यांच्या तोंडाला फेस आला, त्यांना खरोखर दिसू लागलं, निळसर कातडी, गळ्याखालचा केसांचा झुपका, आणि त्या जनावराचासुद्धा राग आला, इतका चारा घातला, एवढं मोठं केलं, आणि आज वेळेला नीट उडीही मारत नाही, एका पोरीच्या कपाळावरची आठी काही तिच्यानं पुसली जात नाही. "ठोकरीनं तुटलं!" त्यांनी दांडा काउंटरवर आपटला. मिरचीची पूड उडाली. "समजलं? उजव्याले काई झालं नाही. ठेव तोच. जा बापाले घेऊन पचमढीले."

"नक्की ना, काकाजी? घाट आहे तिथं."

"नक्की म्हणजे?" ते म्हणाले, आणि आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कोणाचा वाटला. "चाळीस वर्षांत माही एक चूक दाखव."

ब्रश थांबला.

 अनंतानं हात फडक्याला पुसले, एक एक बोट करून. भिंतीला धरून तो उठला, सरळ पाय आधी, मग बाकीचा माणूस. वरच्या फळीवरचा बिस्किटाचा डबा त्यानं कोणाला न विचारता काढला आणि काउंटरपर्यंत आला. तेवढ्या सात-आठ पावलांत मनोहररावांना थांब म्हणता आलं असतं, ते म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडात कागदाची चव आली होती. अनंतानं झाकण उघडलं. दोन्ही दांडे तेलात न्हालेले, सोनेरी, डावा आणि उजवा. त्यानं ते वैदेहीसमोर ठेवले, तुटका दांडा हलकेच बाजूला सारला, आणि भावाकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"दादा," अनंता म्हणाला, "मी जागा होतो, समोरच पाहून राहिलो होतो. नीलगाय सोड, सडकेवर कुत्रंसुद्धा नव्हतं. दोन्ही दे तिले."